दोष आकाशाचा नव्हे!

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. आमच्या शेजारच्या वृद्ध आजी पंढरपूरच्या महापूजेचे थेट प्रक्षेपण पाहावयाचे म्हणून रात्री दोन वाजताच उठून बसल्या होत्या. गुडघे थकल्यापासून देवळाची पायरीही त्यांस चढवत नाही. पांडुरंगाचे दर्शन आता पडद्यावरच. पडद्यावर मात्र ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे. ‘पाऊस आहे, चालायचेच,’ असे म्हणून घरच्यांनी त्यांची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी कंपनीस दूरध्वनी केला, तर परक्या भाषेत उत्तर मिळाले : पेटी जुनी झाली, नवी घ्या.

आमचे स्पष्ट मत असे की, येथे दोषी पाऊस नव्हता आणि पेटीही नव्हती. दोषी होते ते आपले परावलंबन, आणि त्यावर पोसलेला व्यापार.

छपरावरील छत्री ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. तेथून येणाऱ्या लहरी मुसळधार सरीत क्षीण होतात, हे खरे; परंतु सर ओसरली की चित्र काही मिनिटांत परतते. त्या रात्री पाऊस बारालाच थांबला होता! जुन्या अँटेनाच्या काळी चित्रावर हळूहळू मुंग्या येत. डिजिटल चित्रास मधली अवस्था जवळजवळ नाहीच. ते स्वच्छ दिसते, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठते आणि नाहीसे होते. त्यामुळे क्षुल्लक बिघाडही प्रलयासारखा भासतो, आणि ‘पेटी बदला’ हा मंत्र खपतो.

वास्तविक तपास अवघड नाही. प्रथम पेटी भिंतीवरील बटणाने बंद करून मिनिटभराने सुरू करावी. मग तिच्या रिमोटवरील मेनूची कळ दाबावी. पेटीचा दिवा लागूनही मेनू उमटला नाही, तर बहुधा संच भलत्याच जोडणीवर गेला आहे. कोणा नातवाने ‘सोर्स’ची कळ दाबली असेल, किंवा मधली तार सैल झाली असेल. मेनू उमटला, तर त्यात सिग्नलची तीव्रता व गुणवत्ता दाखविणारे दोन पट्टे पाहावेत. तीव्रता आहे पण गुणवत्ता शून्य, तर वाऱ्याने छत्री हलली असावी, अथवा माडाची झावळी आड आली असावी. दोन्ही शून्य, तर तार, तिचे जोड किंवा छत्रीपुढील एलएनबी यांत दोष शोधावा. मुदत संपल्याची सूचना दिसली, तर प्रश्न केवळ पैसे भरण्याचा. मात्र तार हाताळताना वीज बंद ठेवावी, आणि ओल्या छपरावर वा विजा चमकत असता कोणीही चढू नये.

आजींच्या घरी काय निघाले? जोडात पाणी शिरून आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. टोक कापून काही रुपयांचा नवा जोड बसविला, आणि त्याच जुन्या पेटीवर चित्र आले. महापूजा मात्र हुकली ती हुकलीच.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने यंत्राच्या भानगडीत का पडावे? समईची वात काजळली म्हणून आपण तांबटास बोलावतो काय? जी वस्तू नित्य वापरात आहे, तिची एवढी ओळख असणे हा गृहस्थधर्मच होय.

परंतु यामुळे कंपन्यांचे कर्तव्य सुटत नाही. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी-कोंकणी घरांचा पैसा ज्यांस चालतो, त्यांस त्या घरांची भाषा का चालू नये? ‘पेटी बदला’ म्हणणाऱ्यास प्रत्येकाने विचारावे : दोष नेमका कोणता? तो कसा ठरविला? आणि तक्रारीचा क्रमांक टिपून घेतल्याखेरीज दूरध्वनी खाली ठेवू नये.

मृगापूर्वी घर शाकारण्याची आपली जुनी चाल आहे. त्याच वेळी छत्रीचे बोल्ट आवळावे, जोडांवर रबरी टोपी चढवावी, आणि तार घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाईल. आमच्या देवस्थान मंडळांतील तरुणांनी गावातील एकट्या वृद्धांच्या घरी एवढी सेवा केली, तर पुढील आषाढीस कोणा आजीला निळ्या पडद्यास हात जोडावे लागणार नाहीत.