एका बिलाचे दोन दावेदार

दात ठणकू लागला की आपण उठून कपाटातील गोळी शोधतो. का उठलात, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असते : वेदना असह्य झाली म्हणून. शरीरशास्त्रज्ञ मात्र वेगळा हिशेब मांडतो. दाताच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूतून संदेश मेंदूकडे गेला, मेंदूकडून स्नायूंकडे आला आणि पाय चालू लागले. या साखळीत एकही कडी गहाळ नाही. मग वेदनेने नेमके काय केले? जेगवन किम या तत्त्वचिंतकाचे नाव कायमचे जोडले गेले ते या प्रश्नाशी.

किम यांचा जन्म १९३४ साली कोरियातील देगू येथे, देश जपानच्या अमलाखाली असताना झाला. किशोरवयात त्यांनी कोरियन युद्ध पाहिले. सोल येथे ते फ्रेंच साहित्य शिकत होते. १९५५ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात आले आणि तेथे गणित व तत्त्वज्ञान यांकडे वळले. १९६२ मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट, त्यानंतर मिशिगन विद्यापीठात प्रदीर्घ अध्यापन, १९८७ पासून ब्राउन विद्यापीठ. २०१९ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले. बाहेरून पाहता एका प्राध्यापकाचे शांत आयुष्य. खळबळ होती ती विचारांत.

त्या काळी पुष्कळ विद्वानांना एक मधला मार्ग प्रिय होता. मन शरीरावर अवलंबून आहे, शरीरात बदल झाल्यावाचून मनात बदल होत नाही. तरीही मन हे शरीराहून निराळे व स्वतःच्या बळावर कार्य करणारे आहे. या अवलंबित्वाला इंग्रजीत 'सुपरव्हीनियन्स' म्हणतात. त्याची काटेकोर व्याख्या करण्यात किम अग्रेसर होते. आणि पुढे त्यांनीच दाखवून दिले की हे अवलंबित्व केवळ नाते नोंदवते, त्याचे स्पष्टीकरण देत नाही. स्वतः बांधलेल्या इमारतीची अशी तपासणी करणारे विद्वान थोडेच.

त्यांचा प्रसिद्ध युक्तिवाद बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला चटकन उमगतो. एका बिलाची पूर्ण रक्कम एकाला अदा झाली असेल, तर त्याच बिलावर दुसरा दावेदार आला म्हणजे आपण दोनच शक्यता पाहतो : हा तोच इसम दुसऱ्या नावाने आला आहे, किंवा याचे काही येणेच नाही. शरीराच्या हालचालीचे संपूर्ण कारण मज्जासंस्थेत सापडत असेल, तर मन एक तर मज्जासंस्थेचेच दुसरे नाव ठरते, नाही तर निष्प्रभ ठरते. मधला मार्ग बंद होतो. निष्प्रभ मन मान्य करणे किम यांना जड जात होते, कारण इच्छेने काहीच घडत नसेल तर कर्तेपणाला आणि जबाबदारीला अर्थ काय उरतो?

अभौतिक आत्मा मानणाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. समान रकमेच्या दोन भरणा-पावत्यांवर खाते क्रमांकच नसेल तर कोणती रक्कम कोणाच्या खात्यात जमा करावी? देकार्तचा आत्मा कोणतीच जागा व्यापत नाही. मग अमुक आत्मा अमुकच देहाला हालवतो हे कशावरून? येथे आपल्या वाचकांना तत्त्वार्थसूत्र आठवेल. आपल्याकडे जीव देहाएवढा विस्तार पावतो असे मानले आहे, त्यामुळे हा आक्षेप जसाच्या तसा लागू होत नाही. आत्म्याला जागा देण्याची शक्यता किम यांनीही तपासली होती. एकाच जागी दोन आत्मे राहू शकतील काय, अशा प्रश्नांनी त्यांना ती अडचणीची वाटली. निगोदाचे वर्णन वाचलेल्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

२००५ साली त्यांचा 'फिजिकॅलिझम, ऑर समथिंग निअर इनफ' हा ग्रंथ आला. भौतिकवाद, किंवा त्याच्या पुरेसे जवळ असे काही. शीर्षकातच कबुली आहे. विश्वास, इच्छा, हेतू यांचा हिशेब मेंदूच्या कार्यांत बसवता येईल, असे त्यांचे मत झाले. वेदनेचा ठणका, लाल रंगाचा लालपणा मात्र त्यात बसेना. लाल व हिरवा दिवा वेगळे आहेत हे ओळखणे वाहन थांबवण्यास पुरते आणि त्याचे स्पष्टीकरणही देता येते; पण लाल रंग आपल्याला जसा दिसतो तसाच का दिसतो, हे त्या स्पष्टीकरणाबाहेर राहते. ताळेबंद जुळावा म्हणून ही बाकी त्यांनी निर्लेखित केली नाही. ती उचंत खात्यात तशीच दाखवून ठेवली.