फुकटच्या खोलीचे बिल

लास व्हेगासच्या एखाद्या नामांकित कॅसिनो-हॉटेलात दोन रात्रींचा मुक्काम करायचा आणि खोलीचे भाडे मोबाइलवरील खेळात साठवलेल्या गुणांनी चुकते करायचे, ही गोष्ट अमेरिकेत नवलाईची राहिलेली नाही. २०१२ साली फेसबुकवर सुरू झालेला आणि पुढे मोबाइलवर आलेला ‘मायवेगास’ हा खेळ त्यासाठीच ओळखला जातो. खेळणाऱ्याच्या हाती रोख रक्कम पडत नाही. पडतात ते लॉयल्टी पॉइंट्स. आणि ते पुरेसे साठले की त्यांच्या बदल्यात खोली, भोजन किंवा एखाद्या कार्यक्रमाची तिकिटे मिळू शकतात. वरकरणी हा विमान कंपन्यांच्या मैलांसारखाच निरुपद्रवी व्यवहार. तथापि ऑनलाइन खेळांविषयी २०२५ साली कठोर कायदा करणाऱ्या दिल्लीने त्याकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. जुगाराच्या कायदेशीर व्याख्येला हात न लावता तिला वळसा कसा घालता येतो, याचा हा चालता-बोलता नमुना आहे.

हा खेळ तयार करणारी ‘प्लेस्टुडिओज’ ही कंपनी २०११ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक अँड्र्यू पास्कल हे त्यापूर्वी ‘विन लास व्हेगास’ या कॅसिनो-हॉटेलचे अध्यक्ष होते. बक्षिसादाखल मिळणाऱ्या खोल्या प्रामुख्याने एमजीएम रिसॉर्ट्सच्या हॉटेलांतील. आणि एमजीएम ही त्या कंपनीची भागधारकही आहे. जून २०२१ मध्ये ‘प्लेस्टुडिओज’ ज्या कंपनीत विलीन होऊन शेअर बाजारात आली, त्या कंपनीचे अध्यक्ष जिम मरेन हे एमजीएमचे माजी प्रमुख. म्हणजे खेळ बनवणारे आणि खोल्या देणारे एकाच वर्तुळातील आहेत. यात बेकायदा काही नाही. मात्र हा खेळ कॅसिनोबाहेरच्या कोणा हौशी मंडळींनी गंमत म्हणून काढलेला नाही, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे.

खेळाची रचना साधी आहे. पडद्यावर स्लॉट मशीन फिरते. त्यात लावण्याच्या चिप्स रोज काही प्रमाणात फुकट मिळतात. संपल्या तर थांबावे किंवा पैसे भरून आणखी घ्याव्यात. चिप्स जिंकल्या वा हरल्या, तरी त्यांचे रोखीत रूपांतर होत नाही. लॉयल्टी पॉइंट्स मात्र खेळाच्या प्रमाणात जमा होत राहतात. जितका वेळ आणि जितक्या चिप्स अधिक, तितके पॉइंट्स अधिक. ते वटवायचे तर एमजीएमच्या ग्राहक योजनेचे सदस्यत्व घ्यावे लागते. उपलब्ध तारखा आणि बक्षिसांची संख्या यांवर मर्यादा असतात. खोलीचे भाडे माफ झाले, तरी ‘रिसॉर्ट फी’ नावाची दररोजची आकारणी साधारणतः पाहुण्याच्याच माथी येते. लास व्हेगासमध्ये ही आकारणी सहसा काही डझन डॉलरच्या घरात असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १२ मे २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार अशा सक्तीच्या आकारण्या हॉटेलांना जाहिरातीतील किमतीत मिळवूनच दाखवाव्या लागतात. दाखवाव्या लागतात, रद्द कराव्या लागत नाहीत.

हॉटेलाला हे का परवडते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. लास व्हेगासमध्ये सुमारे दीड लाख खोल्या आहेत. मंगळवारच्या रात्री रिकामी राहिलेली खोली बुधवारी विकता येत नाही; ती रात्र बुडाली ती बुडालीच. अशी खोली ‘फुकट’ देण्याचा खर्च म्हणजे चादरी धुण्याचा आणि सफाई कामगाराच्या मजुरीचा. त्या खोलीत उतरलेला पाहुणा मात्र जेवतो, खरेदी करतो, आणि लिफ्टकडे जाता-येता कॅसिनोच्या दालनातून फिरतो. बड्या जुगाऱ्यांना खोली व भोजन विनामूल्य देण्याची त्या शहराची प्रथा जुनीच आहे. मोबाइलने तिच्यात एकच बदल केला. पूर्वी कॅसिनोत पैसे लावल्यानंतर खोली मिळे; आता घरबसल्या खेळण्याची सवय लावून, खोलीच्या आमिषाने माणसाला कॅसिनोपर्यंत आणता येते. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते यालाच. यात भरडला जाणारा पाहुणा तो नव्हे, जो फुकटच्या चिप्सवर संयमाने खेळून दोन रात्री पदरात पाडतो. अशा प्रकारच्या खेळांचे उत्पन्न थोड्या लोकांच्या मोठ्या खर्चावर उभे असते, हे त्या उद्योगात सर्वज्ञात आहे. संयमी पाहुण्याच्या खोलीचे बिल अशाच कोणी दुसऱ्याने, चिप्स विकत घेत, आधीच भरलेले असते.

कायद्याच्या दृष्टीने जुगार ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पणाला लावलेली मोलाची वस्तू, नशिबाचा भाग आणि बक्षीस. या खेळात तिन्ही आहेत. परंतु तीन वेगवेगळ्या कप्प्यांत. पैसा चिप्सच्या खरेदीत आहे, पण ती खरेदी ऐच्छिक. नशीब चिप्सच्या हार-जितीत आहे, पण चिप्सना रोख मूल्य नाही. बक्षीस पॉइंट्समधून मिळते, पण पॉइंट्स जिंकण्याबद्दल नव्हे, खेळण्याबद्दल. प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे तपासला तर निर्दोष दिसतो. तिन्ही एकत्र पाहिले तर काय दिसावे, हाच खरा वाद आहे.

चिप्स मोलाच्या आहेत काय, या प्रश्नावर अमेरिकी न्यायालयांचेही एकमत नाही. मार्च २०१७ मध्ये तेथील चौथ्या सर्किट न्यायालयाने मेरीलँडच्या कायद्याखाली असे मानले की, खेळातील आभासी सोन्यासाठी पैसे मोजणाऱ्या व्यक्तीचे जुगारात आर्थिक नुकसान झाले असे म्हणता येत नाही. त्यानंतर वर्षभराने, मार्च २०१८ मध्ये, नवव्या सर्किट न्यायालयाने ‘बिग फिश कॅसिनो’ या खेळासंबंधी उलट निष्कर्ष काढला. त्या चिप्सनी खेळ पुढे चालू ठेवण्याची सवलत मिळते, म्हणून वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार त्या ‘मोलाची वस्तू’ ठरतात, असे ते न्यायालय म्हणाले. त्या प्रकरणातून पुढे २०२० साली १५ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. विशेष म्हणजे त्या वादाचे मूळ चिप्सच्या मूल्यात होते. हॉटेलातील खोलीसारख्या बक्षिसाचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. आभासी नाणी खेळवून त्यांच्या आडून रोख बक्षिसे देणाऱ्या तथाकथित ‘स्वीपस्टेक्स’ कॅसिनोंवर कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२६ पासून बंदी आणली. खोली देणारे खेळ आणि रोख देणारे खेळ यांच्यात भेद आहे. तथापि राज्ये आता खेळाच्या नावाकडे नव्हे, नाण्याच्या प्रवासाकडे पाहू लागली आहेत, हे या घटनाक्रमातून दिसते.

भारतात संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक २० आणि २१ ऑगस्ट २०२५ या दोन दिवसांत संमत केले आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैशांच्या ऑनलाइन खेळांत सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी पुढे करण्यात आला. कायद्याने खेळांचे तीन वर्ग केले : ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ. पहिल्या दोहोंना उत्तेजन, तिसऱ्याला बंदी. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवलेले नाही. परदेशातून चालवल्या जाणाऱ्या खेळांनाही हा कायदा लागू होतो.

या कायद्याची खरी ताकद त्याच्या व्याख्येत आहे. पैशांसोबत ‘इतर पण’ हा शब्दप्रयोग करून त्यात नाणी, क्रेडिट, टोकन अशा, खऱ्या वा आभासी, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मार्गाने विकत घेतलेल्या वस्तूंचा समावेश करण्यात आला. लाभाची कल्पनाही केवळ रोख रकमेपुरती ठेवलेली नाही. कौशल्य की नशीब, हा जुना वादही बाजूला सारला आहे. या व्याख्येवर मायवेगाससारखी रचना ठेवली तर काय होते? चिप्स विकत घेतल्या असतील आणि त्यांवर मिळालेल्या पॉइंट्समधून खोली मिळत असेल, तर हा पैशांचा खेळ ठरवण्यास भरपूर आधार सापडतो. केवळ फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्यासाठी तोच खेळ सामाजिक ठरू शकतो. मग एकाच खेळाची दोन रूपे मानायची काय? एखादा खेळ कोणत्या वर्गात मोडतो हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने प्राधिकरणाकडे सोपवला आहे. हे प्राधिकरण खेळाच्या परिचयपत्रावर विसंबणार की चिप्सच्या खरेदीपासून खोलीच्या चावीपर्यंतची साखळी तपासणार, यावर कायद्याचे यश अवलंबून राहील. रोखीचे खेळ बंद झाल्यावर उद्योग बक्षिसाच्या, कूपनांच्या आणि सहलींच्या वाटेने वळला, तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नसेल.

मराठी वाचकाला हा पेच अगदीच अपरिचित नाही. १९५७ सालच्या चमारबागवाला खटल्यात बंगळूरमध्ये छापल्या जाणाऱ्या, मात्र मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. कोडे म्हणजे बुद्धीचा खेळ, हा स्पर्धाचालकांचा युक्तिवाद. न्यायालयाने मुंबई सरकारची बाजू उचलून धरली आणि जुगाराला व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही असा दंडक घालून दिला. वेष्टन शब्दकोड्याचे असले तरी आतला व्यवहार पाहायचा, हे तत्त्व तेव्हापासूनचे. राज्याबाहेर तयार झालेला खेळ राज्यात खेळला जातो तेव्हा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही तेव्हापासूनचाच.

त्या प्रश्नाचे उत्तर आजही सरळ नाही. सट्टा व जुगार हा घटनेच्या राज्यसूचीतील विषय. केंद्राच्या नव्या कायद्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी स्वतःकडे वर्ग करून घेतल्या, त्यामागे हाही मुद्दा आहे. राज्यांची धोरणे तर परस्परविरोधी. गोव्याने १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर कॅसिनोंना वाट करून दिली. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांनाच त्या कॅसिनोंत मज्जाव केला. पाहुण्याचा पैसा चालतो, घरच्या माणसाचे व्यसन नको, असा हा समतोल. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनो कायदा संमत केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. केंद्र व राज्ये मिळून बनलेल्या जीएसटी परिषदेने मात्र कॅसिनोंवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्क्यांवर नेला. मांडवीवर तरंगणाऱ्या कॅसिनोला परवाना, आणि त्याच मांडवीकडे गिऱ्हाईक ओढू शकणाऱ्या मोबाइलवरील खेळाला कोणता नियम, याचे उत्तर पणजी आणि दिल्ली यांनी मिळून द्यावयाचे आहे.

राजधानीतील अधिकारीवर्गाला या विषयाची आणखी एक बाजू थेट स्पर्श करते. अमेरिकेत मुला-मुलींकडे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या सहलीत लास व्हेगास बहुधा असतेच. केंद्रीय सेवेतील कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत ‘भेट’ या शब्दाच्या व्याप्तीत फुकट प्रवास, भोजन आणि निवास यांचा समावेश आहे. खासगी परदेश प्रवासाची परवानगी मागताना अंदाजित खर्च आणि पैशाचा स्रोत नमूद करावा लागतो. शासकीय प्रवासावर मिळालेले विमान कंपनीचे मैल खासगी सहलीसाठी वापरू नयेत, असा सरकारचाच दंडक आहे. मोबाइल खेळातून मिळालेली खोली ही भेट, जिंकलेले बक्षीस की ग्राहक म्हणून मिळालेली सवलत? खात्याशी त्या कंपनीचा काहीच संबंध नसेल तर प्रश्न सौम्य होतो. पण खेळांचे नियमन, करआकारणी वा पर्यटन यांपैकी एखादा विषय हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने ‘स्रोत’ या रकान्यात काय लिहावे, याचा खुलासा शासनाने आधीच केलेला बरा. नंतरचा खुलासा हा बहुधा चौकशीच्या कागदावर द्यावा लागतो.

जुगारावर बंदी घालणे संसदेला दोन दिवसांत जमले. जुगार ओळखणे हे त्याहून अवघड काम आहे, आणि ते एकदाच करून भागणारे नाही. रोख रक्कम हीच ओळखीची खूण मानली, तर खोली, जेवण आणि तिकिटे यांच्या रूपाने तोच व्यवहार पुन्हा दाराशी उभा राहील. उलट प्रत्येक ग्राहक योजनेवर संशय घेतला, तर किराणा दुकानाच्या कूपनालाही परवाना मागावा लागेल. या दोहोंच्या मधली रेषा कोठे काढायची, याची कसोटी एकच असू शकते : बक्षिसाकडे नेणारा रस्ता पैसे भरून विकत घेतलेल्या नशिबाच्या खेळातून जातो काय? जात असेल, तर शेवटी हाती नोटांची थप्पी पडते की खोलीची चावी, याने फरक पडता कामा नये. हे उत्तर नियमांत स्पष्टपणे लिहिले गेले नाही, तर ते ठरवण्याचे काम न्यायालयांवर येईल. आणि तोवर चिप्स विकत घेणाऱ्यांचे पैसे गेलेले असतील.