बारदानातील शाळू आणि पुडक्यातील भाकरी



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आम्हांस चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. आजवर आम्ही भाव, तेजी-मंदी आणि बाजार समितीचे नियम यांविषयी लिहीत आलो. यंदा मात्र ज्यावर आपल्या पेढ्यांचे पुढील आयुष्य अवलंबून आहे असे आम्हांस वाटते, त्याच प्रश्नाला हात घालण्याचे योजिले आहे. तो प्रश्न असा की, आपण धान्याचे व्यापारी धान्य विकण्यावरच थांबणार, की त्या धान्यापासून होणारे आपल्या मुलखातील अन्नही तयार करून, नीट बांधून, आपल्या नावाने विकणार?

सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग, अथणी या काळ्या रानाच्या तालुक्यांतील शाळू बेळगावच्या बाजारात येतो. आपण तो पाहतो, तोलतो, पोत्यांत भरतो आणि मालमोटारीने परगावी रवाना करतो. आडतीचे शेकड्यामागे मोजके रुपये पदरी पडतात. त्यांतून हमाली, तोलाई, दिवाणजीचा पगार आणि बुडालेली उधारी वजा जाते. पुढे तोच शाळू कडक भाकरी, लाह्या, पोहे, रवा अशी रूपे घेऊन चकचकीत पुडक्यांतून आपल्याच पेठेतील दुकानांत परत येतो. मध्यंतरी आमच्या नातवाने असेच कडक भाकरीचे पुडके घरी आणले. मागे छापलेला पत्ता वाचला, तो जेथे शाळवाचे एक ताट उगवत नाही अशा शहराचा! आपल्याच मुलखातली भाकरी परगावाहून विकत आणून आम्ही जेवावयास बसलो, याची त्या दिवशी मनस्वी लाज वाटली.

हिशेब प्रत्येकाने आपल्या वहीत मांडून पाहावा. एका भाकरीस 50 ग्रॅम पीठ धरले, तर एका क्विंटलाच्या 2000 भाकऱ्या होतात. पुडक्यातील एका भाकरीचा बाजारभाव घेऊन त्यास 2000 ने गुणावे आणि त्या गुणाकाराशेजारी क्विंटलभर शाळवावर मिळणारी आपली आडत लिहावी. दळण, मजुरी, जळण, बारदान, वाहतूक आणि दुकानदाराची सूट हे सर्व वजा घातल्यानंतरही जो फरक उरतो, तो आज दुसऱ्याच्या घरी जात आहे. पूर्वी आपण बारदानाचे वजन मालातून वजा करीत असू. आज गिऱ्हाईक बारदान पाहूनच मालाची किंमत ठरविते. हा काळाचा पालट आपण ओळखला पाहिजे.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस यशाने नव्हे, तर अपयशाने दिला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीने कडक भाकरी व शेंगदाण्याची चटणी यांची पुडकी काढली होती. माल घरगुती चवीचा होता आणि पहिले दोन महिने खपही बरा झाला. परंतु आम्ही पातळ प्लास्टिकची स्वस्त पिशवी वापरली आणि पावसाळा लागला. भाकरी सर्दावून मऊ पडली, काहींवर बुरशी धरली, चटणीस खवट वास येऊ लागला. तीस वर्षांचे एक गिऱ्हाईक दुकानी आले, त्यांनी ते पुडके आमच्या गादीवर ठेवले आणि एक शब्दही न बोलता ते परत गेले. सर्व माल परत मागवून आम्ही तो उकिरड्यावर टाकला. दोष यंत्राचा नव्हता, कारागीर भगिनींचा तर नव्हताच. दोष आमचा होता. पोते शिवणे आणि अन्न बांधणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, हे आम्ही जाणले नव्हते.

अन्न बिघडते ते मुख्यतः दमटपणा, हवा, उजेड आणि कीड यांमुळे. ज्वारी-बाजरीच्या पिठात अंकुराचा स्निग्धांश उतरतो. म्हणून ते पीठ लवकर कडवट होते, आणि बाजरीचे तर फारच लवकर. शेंगदाणा ओला राहिला, तर त्यावर धरणाऱ्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष होते. ते भाजल्यानेही पुरते नष्ट होत नाही. म्हणून काळवंडलेला, सुरकुतलेला दाणा आरंभीच निवडून टाकणे हाच खरा उपाय. बांधणीसाठी हवा व ओल आत न जाऊ देणारी अनेक थरांची पुडकी मिळतात आणि त्यांत हवेऐवजी नायट्रोजन भरण्याची सोय आहे. हे ज्ञान आता गुप्त राहिलेले नाही. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था 1950 सालापासून हेच कार्य करीत आहे. त्याच शहरातील संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी दीर्घकाळ टिकणारी चपाती सिद्ध केली. आपल्या शेजारी धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. जाऊन विचारण्याचेच काय ते बाकी आहे.

येथे आपल्यांतील वडीलधारी मंडळी एक आक्षेप घेतील आणि तो आम्हांस थोर वाटतो. ते म्हणतील, ‘आपल्या धर्मात अन्नाला मर्यादा सांगितली आहे, शिळे, बंद पुडक्यातील अन्न विकण्याचा धंदा श्रावकाने करावा काय?’ आमच्या घरी आमच्या मातोश्री पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात सात दिवस अशी पाळीत असत. पंथापंथांत गणना भिन्न असेल, पण तत्त्व एकच आहे. ऋतू पाहून अन्नाची मुदत ठरवावी, मुदत टळली की ते मुखी घालू नये, मग नुकसान कितीही होवो. आज कायदा पुडक्यावर जी मुदत छापावयास सांगतो, ती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे. आमचा माल बिघडला, तो कायदा ठाऊक नव्हता म्हणून नव्हे, तर दुकानात शिरताना आम्ही आईची मर्यादा विसरलो म्हणून.

ज्यांचे व्रत आहे, त्यांनी ताजे दळून ताजेच सेवन करावे. त्यांच्यासाठी हे पुडके नाही आणि तसा आव आपण कदापि आणू नये. परंतु पुणे, बंगळूर, मुंबईस नोकरीनिमित्त राहणारी आपलीच मुले-सुना आज पुडक्यातील अन्न घेतातच. ते अन्न निवडलेल्या धान्याचे, गाळलेल्या पाण्याचे, कंदमूळवर्जित असावे की कसेही असावे, एवढाच प्रश्न उरतो. पुडक्यावर ‘जैन’ हा शब्द छापणे आज फार सोपे झाले आहे. आम्ही म्हणतो, आपण तो शब्द छापूच नये. त्याऐवजी कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही असे स्पष्ट लिहावे, आणि बांधणीच्या तारखेबरोबर धान्य दळल्याची तारीखही छापावी. दळल्याची तारीख छापण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, त्याला जाहिरातीची गरज फारशी पडणार नाही.

हे काम एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही. म्हणून आमची सूचना अशी की, आपल्या संस्थेने सभासदांच्या भागभांडवलावर एक सामाईक प्रक्रिया व बांधणीगृह काढावे. आरंभी पदार्थ मोजकेच घ्यावेत: कडक भाकरी, शेंगदाणा, जवस व कारळ यांच्या चटण्या, मेतकूट आणि भाजणी. कुंदा व मांडे ही बेळगावची भूषणे खरी. तथापि कुंद्यात खवा आहे आणि मांड्याला थोडी हवा लागली तरी तो मऊ पडतो. त्यांच्या वाटेस नंतर जावे. धान्याची निवड, दळण, तपासणी आणि बांधणी एका छताखाली व्हावी. भाकरी मात्र घरोघरच्या भगिनींनी थापावी.

ही कल्पना नवी नाही. 1959 साली मुंबईस गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यातूनच लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. तेथे पीठ एके ठिकाणी मळले जाते, पापड घरोघरी लाटले जातात आणि लाटणारी भगिनी मजूर नसून मालकीण असते. आपणही भाकरी थापणाऱ्या भगिनींना नफ्यात वाटा द्यावा; ज्या हाताला वाटा आहे, तो हात कच्ची भाकरी पुढे ढकलीत नाही.

भांडवलाची सबब आम्हांस पटत नाही. केंद्र सरकारने 2020 साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी काढलेल्या योजनेत खर्चाच्या शेकडा 35, कमाल 10 लाख रुपये, अनुदान ठेवले. आपल्यांतील कितीजणांनी त्यासाठी अर्ज केला, हे ज्याने त्याने मनास विचारावे. 22 सप्टेंबर 2025 पासून रोटी व खाखरा यांवरील वस्तू व सेवा कर उठला आणि फरसाणावरील कर शेकडा 12 वरून 5 वर आला. वारा अनुकूल आहे, परंतु शीड आपल्यालाच उभारावे लागेल.

शेवटी एक उदाहरण. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात 1882 साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद केवळ खरेदी-विक्रीवर थांबले नाहीत. मालेगावाजवळ रावळगाव येथे त्यांनी साखर कारखाना काढला आणि 1942 पासून तेथील गोळ्या घरोघरी पोहोचल्या. 2024 साली त्या गोळ्यांची नावे व कृती 27 कोटी रुपयांस दुसऱ्या मोठ्या उद्योगाने विकत घेतली. यातून दोन बोध मिळतात. लोकांच्या जिभेवर बसलेल्या नावाला एवढे मोल येते. आणि ते नाव सांभाळले नाही, तर तेही पोत्यातील मालासारखे एके दिवशी दुसऱ्याच्या वखारीत जाते.

आमचे वय आता नवी वही घालण्याचे नाही. तरीही येत्या वार्षिक सभेत हा विषय निघाला, तर पहिला भाग आम्ही आमच्या पेढीच्या नावे लिहू. ते मुकाट्याने परत आलेले पुडके आम्ही अद्याप विसरलो नाही. त्याचे उत्तर देऊनच गादीवरून उठावे, अशी आमची इच्छा आहे. तरुण सभासदांनी यावर साधकबाधक विचार करावा आणि आमचे चुकत असेल तेथे निःसंकोचपणे सांगावे.

जय जिनेंद्र.