शाळाही आपलीच आहे



१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावची प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आली. आपल्यापैकी बहुतेकांनी याच शाळेत पाटी धरली. आता मात्र उसाचं बिल हाती पडलं, की पोराला पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत धाडायचं, अशी रीत पडली आहे.

आमचे म्हणणे एवढेच, की आधी आपल्या जिल्ह्याच्या शाळा बघा. शेजारच्या शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी जमीन दिली, वर्गणी काढली आणि शाळेचे नाव देशभर झाले. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. त्याच शाळेने २०२५ साली जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार मिळवला. दोन्हीकडे वारे गुरुजी होते हे खरे. पण गाव पाठीशी नसते, तर एकटे गुरुजी काय करणार?

शेअर घ्यायचा, वार्षिक सभेला दांडी मारायची आणि मग भावाची तक्रार करायची, हे जसे बरे नव्हे, तसेच शाळेचे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. सभेला जा, हिशेब विचारा.

आणखी एक. ऊसतोड मजुरांच्या मुलांनाही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने गावच्या शाळेत प्रवेश आहे. दाखला नाही म्हणून त्यांना परत धाडता येत नाही. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गाळपाला जातो, त्यांचं पोर पाचटात बसलेलं आम्हांला पाहवत नाही. यंदा फडावर टोळी उतरली, की पोरांची नावे आधी शाळेत कळवा.