कलम १०७ : आरोप एकावर, जप्ती घरावर, हातात फक्त चौदा दिवस

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातील कलम १०७ बद्दल आपल्या वस्त्यांत फारसे बोलले जात नाही. हे कलम थेट आपल्या घराशी, जमिनीशी आणि बँकेतल्या पैशाशी संबंधित आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी ते नीट समजून घेतले पाहिजे.

एखादी मालमत्ता गुन्ह्यातून मिळाली आहे असे मानण्यास कारण असेल, तर तपास अधिकारी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या मंजुरीने न्यायालयाकडे जप्तीचा अर्ज करू शकतो. न्यायालय 'कारणे दाखवा' नोटीस काढते आणि उत्तराला १४ दिवस मिळतात. त्या मुदतीत कुणी हजर झाले नाही, तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. नोटीस दिल्याने जप्तीचा हेतूच फसेल असे न्यायालयाला वाटले, तर नोटिशीआधीच अंतरिम जप्ती होते. मालमत्ता गुन्ह्यातलीच ठरली, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत ती पीडितांमध्ये वाटायची असते. दावेदार नसेल किंवा काही उरले, तर ते सरकारजमा होते.

पीडितांना पैसे परत मिळावेत, याला आमचा विरोध नाही. दामदुप्पट योजनांत आपल्याच माता-भगिनींची बचत बुडते. प्रश्न वेगळा आहे. या कलमाच्या शब्दांत दोषसिद्धीची अट नाही. खटल्याचा निकाल लागण्याआधीच मालमत्ता हातची जाऊ शकते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ७ मध्येही जप्ती आहे, पण तिथे खटल्याच्या काळात मालमत्ता फक्त जप्त राहते. ती सरकारजमा होण्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. ज्या मनी लाँडरिंग कायद्याखाली मोठमोठ्या घोटाळ्यांची चौकशी होते, त्यातही उत्तराला किमान ३० दिवस आणि पुढे अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. कलम १०७ मात्र कोणत्याही गुन्ह्यात वापरता येते आणि तिथे मुदत १४ दिवसांची. मोठ्या आरोपीकडे वकील तयार असतो. वस्तीतल्या माणसाचे चौदा दिवस वकील शोधण्यातच जातात.

याचा फटका आरोपीपेक्षा घरच्यांना जास्त बसतो. आमच्या कामात दिसते ते असे : घर आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, बांधकामाचा खर्च रोखीने, पावत्या कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. अशा घरातल्या एका मुलावर गुन्हा दाखल झाला, तर आई आणि भाऊ आपला हिस्सा कशाने सिद्ध करणार? आरोपीच्या वतीने मालमत्ता बाळगणाऱ्याला नोटिशीची प्रत द्यावी, असे कलमात म्हटले आहे. सहहिस्सेदाराचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे नोटिशीची वाट न पाहता त्यांनी स्वतः न्यायालयात अर्ज करून म्हणणे मांडावे.

अर्जात दोन गोष्टी दाखवायच्या असतात : मालमत्ता कुणाची आहे आणि ती कोणत्या पैशातून आली. सातबारा किंवा घराचा उतारा, खरेदीखत, फेरफार, पगाराच्या चिठ्ठ्या, कर्जाची कागदपत्रे, पासबुकाच्या नोंदी जोडाव्यात. घर रमाई आवास योजनेतून बांधले असेल, तर मंजुरीचा आदेश आणि खात्यात जमा झालेले हप्ते हा भक्कम पुरावा आहे. मालमत्ता गुन्ह्याच्या तारखेआधीची असेल, तर ते ठळकपणे मांडावे. संपूर्ण घर सुटत नसेल, तर निदान आपला हिस्सा वगळण्याची मागणी करावी.

पोलिसांनी स्वतःच मालमत्ता ताब्यात घेतली असेल, तर आधी कलम विचारा. तपासातल्या जप्तीच्या अधिकाराखाली पोलिसांना घर-जमीन जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जुन्या संहितेच्या कलम १०२ बाबत स्पष्ट केले आहे. ती तरतूद आता कलम १०६ मध्ये आहे.

वकिलाच्या पैशासाठी घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला हाताशी ठेवा. तालुका विधी सेवा समितीकडे त्याच दिवशी अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. नोटीस मराठीत असावी, तिच्यातच मोफत वकिलाची माहिती छापावी आणि कुटुंबाच्या राहत्या घराचे वाटप निकाल लागेपर्यंत थांबवावे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही, असे संविधानाचे कलम ३००-अ सांगते. पण कागदच नसेल, तर ते कलम न्यायालयात मांडायचे कसे? म्हणून येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर थांबून वारसनोंदी राहिलेल्या घरांची यादी करा. नोटीस आल्यावर हे काम चौदा दिवसांत होत नाही.

जय भीम! जय संविधान!