प्रतिज्ञापत्रात नसलेला रकाना



निवडणुकीला उभे राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आज प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. शिक्षण किती, मालमत्ता किती, कर्ज किती, गुन्हे किती, हे सगळे त्यात लिहायचे असते. ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या कागदात एक रकाना नाही. 'आमदार होऊन करणार काय, आणि त्यासाठी आजवर काय केले?' हा प्रश्न सरकार विचारत नाही. तो आपणच विचारायचा आहे. कसा विचारायचा, यासाठी एक जुने उदाहरण आम्ही आज पुढे ठेवतो.

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. भायखळा-परळ मतदारसंघातल्या राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. समोर काँग्रेसने पी. बाळू यांना उभे केले होते. बाळू हे क्रिकेटचे नामांकित गोलंदाज. १९११ साली ते विलायतेला खेळून आले होते. अस्पृश्य समाजातून येऊन त्यांनी मिळवलेले नाव मोठे होते, आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. निकाल लागला तेव्हा आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते होती. फरक दोन हजारांचा. तेव्हा मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. तरीही परळ-लालबागच्या मतदाराने नाव आणि काम यांत काम निवडले.

काम कोणते होते? बाबासाहेबांचे नाव घेतले की आपल्याला घटना आठवते, महाडचे तळे आठवते. शेतीवर त्यांनी काय लिहिले आणि काय मांडले, हे मात्र आपल्या गावांत फारसे कोणी सांगत नाही.

१९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तेव्हाचे सरकारी पंडित म्हणत होते, शेतकरी गरीब आहे कारण त्याचे तुकडे लहान आहेत, ते एकत्र करा. बाबासाहेबांनी उलट हिशेब मांडला. जमीन परवडते की नाही, हे एकरावर ठरत नाही. त्या जमिनीला औतफाटा, बैल आणि भांडवल किती लागले, यावर ते ठरते. साधने इतकी तुटपुंजी आहेत की आहे ती जमीनसुद्धा त्या मानाने मोठीच आहे, असे त्यांनी म्हटले. जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांनी उचलल्याशिवाय शेती सुधारणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. बैलजोडी भाड्याने आणून पाच एकर कोरडवाहू पेरणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून गेले. अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले आणि थेट शेतसाऱ्यावर बोट ठेवले. ज्याला वर्षात मिळकत नाही त्याला प्राप्तिकर नाही. शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी सारा आहेच. एक एकरवाल्याला आणि जहागीरदाराला दर एकच. हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी सरकारने लहान जमिनींबद्दल विधेयक आणले, त्यालाही त्यांनी विरोध केला.

म्हणजे १९३७ साली मत मागायला आलेल्या या माणसाचा एकोणीस वर्षांचा हिशेब लोकांपुढे होता. विलायतेच्या पदव्या होत्या, हायकोर्टात वकिली होती, सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद होते. सुखाने बसून खाता आले असते. पण परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत त्यांनी वर्षानुवर्षे संसार केला होता. दादरचे 'राजगृह' नंतरचे. गिरणीतला माणूस त्यांनी जवळून पाहिला होता.

आता निवडून आल्यावर काय केले ते पाहा. सात महिन्यांत, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. परळचा आमदार आणि विधेयक कोकणच्या जमिनीचे! कारण सरळ आहे. आपल्या कापसाच्या गाठी ज्या गिरण्यांत जात, तिथे राबणारे कितीतरी हात कोकणातल्या कुळांचे होते. मुंबईतून मनिऑर्डर जायची आणि गावी खोताचे देणे भागायचे. चाळीतल्या दुःखाचे मूळ बांधावर आहे, हे या आमदाराला ठाऊक होते. त्यांचे स्वतःचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातलेच. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीचा कायम हक्क द्यावा, असे ते विधेयक होते.

विधेयक अडले. बहुमत काँग्रेसचे होते, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. मग बाबासाहेब सभागृहात भाषणे करत बसले नाहीत. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्याच वर्षी संपाच्या हक्कावर गदा आणणारे विधेयक आले, तेव्हा ७ नोव्हेंबरला त्यांनी कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. मतभेद होते ते बाजूला ठेवले.

एवढे करून यश आले का? ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. संप झाला तरी औद्योगिक कलहाचा कायदा झालाच. आणि १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत याच मुंबईत बाबासाहेब पडले. तेव्हा चांगला आमदार निवडला की सगळे आपोआप होते, असे आम्ही म्हणणार नाही. आत एक माणूस हवा आणि बाहेर आपण हवेत. आपण घरी बसलो तर आतला कितीही शहाणा असला तरी एकटा पडतो.

या बैठकीतून गावी परतल्यावर एवढेच करा. उमेदवार, मग तो कुठल्याही झेंड्याचा असो, पारावर आला की त्याला तीन प्रश्न विचारा. निवडणुकीच्या आधी आमच्या ज्वारी-कापसाबद्दल तुम्ही कुठे, काय बोललात? निवडून आल्यावर पहिल्या वर्षात कोणते विधेयक मांडणार? आणि ते अडले तर आम्हाला घेऊन मुंबईला मोर्चा नेणार का?

उत्तरे वहीत लिहून ठेवा. खाली त्याची सही घ्या. पाच वर्षांनी ती वही घेऊन पुन्हा पारावर बसायचे आहे.