लहर माजघरापर्यंत पोंचावी कशी?

प्रत्येक पिढीस घरांत एखादी नवी वस्तु घ्यावी लागते, आणि ती घेण्यापेक्षां ती ठेवावी कोठें यावरच अधिक खल होतो. नळ आला तेव्हां तो परसांत असावा कीं स्वयंपाकघरांत, वीज आली तेव्हां पहिला दिवा बैठकींत लागावा कीं माजघरांत, टेलिफोन आला तेव्हां तो कोणाच्या पलंगाशीं असावा, हे वाद आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असतील. सध्यां हा मान वायफायच्या राउटरास मिळाला आहे. "मास्तर, घरभर रेंज येईल असा राउटर कोणता घ्यावा?" हा प्रश्न आम्हांस अलीकडे वारंवार ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचें उत्तर दुकानांत शोधण्यापूर्वीं घरांत शोधावें असें आमचें मत आहे, आणि तें कां, हें आजच्या लेखांत सांगावयाचें आहे.

आमच्या फर्दापुरासारख्या गांवीं एकाच घरांत पुष्कळदां तीन काळांचें बांधकाम आढळतें. पुढची बैठक आणि माजघर आजोबांच्या वेळचें, दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींचें. त्यामागें वडिलांच्या वेळीं वाढविलेल्या विटांच्या खोल्या. आणि परसाकडे किंवा वरच्या मजल्यावर अलीकडे पडलेला सिमेंटचा स्लॅब. अशा घरीं फायबरची तार घेऊन येणारा कारागीर रस्त्याकडच्या पहिल्या भिंतीस भोंक पाडतो, तेथेंच यंत्र टांगतो आणि पुढच्या घरीं जातो. त्यास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. तार जितकी आंखूड तितकें काम लवकर उरकतें. परिणाम असा होतो कीं बैठकींत, जेथें वडीलधारी मंडळी बातम्या पाहतात, तेथें लहर भरपूर. माजघरांत ती अर्धी. आणि मागच्या खोलींत तिचा पत्ता नाहीं.

आतां त्या मागच्या खोलींत कोण बसतें तें पाहावें. बारावीचा किंवा स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी तेथें बसते, कारण तेथें गलबला नसतो. घरून नोकरी करणारी सून दार लावून तेथेंच काम करते. २०२० सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां खेडोपाडीं मुलें मोबाइल घेऊन गच्चीवर आणि टेकडीवर रेंज शोधीत बसलेलीं सर्वांनीं पाहिलीं. त्या वेळीं उणीव गांवाच्या जाळ्याची होती. आज तार दारापर्यंत आली असूनही घरांतील मुलीस गच्चीवर जावें लागत असेल, तर उणीव आपल्या घराच्या व्यवस्थेची आहे.

या अडचणीवर पहिला उपाय सुचतो तो मोठा राउटर आणण्याचा. पाय वर करून पडलेल्या झुरळासारखें दिसणारें, सहा-आठ अँटेनांचें यंत्र दुकानदार पुढें करतो, आणि इतक्या हजार चौरस फुटांस पुरेल असें खोक्यावर छापलेलें असतें. हा आंकडा खोटाच असतो असें नाहीं. तो बहुधा निराळ्या घराचा असतो. अमेरिकेंतील घरांच्या आंतल्या भिंती पुष्कळदां लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात, आणि त्यांतून लहर सहज पार होते. आपल्या काळ्या दगडाच्या भिंतीस तो हिशेब लावणें म्हणजे तंबूचें माप किल्ल्यास लावणें होय.

लहरीचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. डोळ्यांस न दिसणाऱ्या विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे जातात हें जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलांत लोकांसमोर सिद्ध केलें. मध्यें भिंती असतां त्यांनीं पलीकडची घंटा वाजवून दाखविली. परंतु पलीकडे जाते म्हणजे सगळीच जाते असें नाहीं. प्रत्येक भिंत आपला वांटा कापून घेते. राउटर साधारणतः दोन जातींच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती लांबवर जाते व भिंतींतून त्या मानानें बरी पार होते; पण तिचा वेग कमी, आणि शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचीं उपकरणें, मायक्रोवेव्ह ओव्हन हीं सर्व तिच्याच वाटेवर गर्दी करितात. ५ गिगाहर्ट्झची लहर पांच-सहा सेंटिमीटरांची. ती वेगवान, तिची वाट मोकळी, पण जाड भिंतीपुढें ती लवकर थकते. स्लॅबमधील सळया, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टांकी यांच्यापुढें दोघींचीही गति कुंठित होते.

हें समजण्यास फर्दापूरच्या माणसास लांब जावें लागत नाहीं. चार-पांच किलोमीटरांवरील अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत शिरून पाहावें. मध्यें वीस खांबांचें चौकोनी दालन, भोंवतीं भिक्षूंच्या लहान खोल्या, आणि दारासमोर सरळ रेषेंत गाभाऱ्यांतील बुद्धमूर्ति. दारांतून येणारा उजेड सरळ आंत जातो. बाजूच्या खोल्यांत काळोख राहतो. बाहेर वैशाखाचें ऊन असलें तरी त्या खोल्यांचा काळोख फारसा हटत नाहीं, कारण उजेड एका कडेनें येतो आणि मध्यें कातळ आहे. तोच दिवा दालनाच्या मध्यभागीं ठेवला, तर प्रत्येक खोलीच्या दारांतून कांहीं ना कांहीं प्रकाश आंत जाईल. वायफायची लहर ही प्रकाशाच्याच कुळांतली आहे. बैठकींतला राउटर म्हणजे दारांतला उजेड.

मोठ्या यंत्राविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वायफाय हें दोघांचें बोलणें आहे. राउटर बोलतो तसें मोबाइलासही त्यास उत्तर द्यावें लागतें. राउटराचा आवाज वाढविला तरी हातांतील मोबाइलाचा लहानसा आवाज तेवढाच राहतो. मागच्या खोलींत रेंजच्या रेघा दिसतात पण पान उघडत नाहीं, असें होतें तेव्हां पुष्कळदां कारण हेंच असतें.

म्हणून खरेदीपूर्वीं एक सायंकाळ मोजणीस द्यावी. प्रथम राउटरापासून चार-पांच हातांवर उभें राहून मोबाइलवर वेग मोजावा. तेथेंच तो आपण पैसे भरतों त्या वेगापेक्षां पुष्कळ कमी भरला, तर आधीं तार पुरविणाऱ्याकडे विचारणा करावी. ही उणीव मागच्या खोलीची नव्हे. तेथें वेग ठीक असेल तर एकेका खोलींत, दारें नेहमीं असतात तशीं ठेवून, मोजणी करावी आणि घराचा कच्चा नकाशा काढून त्यावर आंकडे लिहावे. अँड्रॉइड मोबाइलवर लहरीचा जोर दाखविणारीं फुकट अॅप्स मिळतात. त्यांत आंकडा उणे चिन्हासह येतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत समोरासमोर चित्र पाहून बोलणें सुखानें होतें. उणे ८० च्या खालीं काम रडत चालतें. दर दहांची उतरण म्हणजे जोर एक दशांश होणें, हें ध्यानांत ठेवावें. बैठकींत उणे ५० आणि मागच्या खोलींत उणे ८० असेल, तर मागच्या खोलीस बैठकीचा हजारावा हिस्साच मिळतो.

आतां जागेविषयीं. संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे: उंबरठ्यावरचा दिवा आंतलें घर आणि बाहेरचें अंगण दोन्ही उजळतो. राउटरास हाच न्याय लावावा. बैठक आणि माजघर यांमधील, किंवा माजघर आणि मागच्या खोल्या यांमधील, जें दार घराच्या मध्याजवळ असेल त्याच्या लगत, पांच-सहा फूट उंचीवर, मोकळ्या फळीवर तो ठेवावा. दोन फुटी भिंतीपेक्षां उघडें दार लहरीस केव्हांही सुलभ. शोभेसाठीं त्यास कपाटांत कोंडूं नये, टीव्हीमागें दडवूं नये, फ्रिजला टेकवूं नये. उभ्या अँटेनाची लहर आडवी पसरते. नेमकी तिच्या वर आणि खालीं ती क्षीण असते. दिव्याखालीं अंधार ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. वरच्या मजल्यास लहर हवी असेल तर एक अँटेना आडवी करून पाहावी. यासाठीं फायबरची तार आंतपर्यंत वाढवावी लागेल. ती कारागिराकडूनच वाढवून घ्यावी, कारण आंतला तंतु कांचेचा असतो आणि काटकोनांत वांकविल्यास निकामी होऊं शकतो. तें न जमल्यास मूळ यंत्र बैठकींतच राहूं द्यावें, आणि त्यापासून लॅनची केबल आंत ओढून राउटर मध्यभागीं ठेवावा.

इतकें करूनही मागची खोली उणी राहिली तर दुसरें यंत्र लागेल. त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला रिपीटर, सर्वांत स्वस्त. पूर्वीं लेण्यांतील चित्रें दाखविण्यासाठीं दाराशीं आरसा धरून उन्हाची तिरीप आंत टाकीत. रिपीटराचें काम त्याच जातीचें. आरसा उन्हांत धरला तरच तिरीप पडते. लहर पोंचत नाहीं त्याच खोलींत रिपीटर लावणारे पुष्कळ आढळतात. तो अलीकडे, लहर अजून सशक्त असेल तेथें लावावा. शिवाय साधा रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळें वेग जवळजवळ निम्मा होतो.

दुसरा मार्ग मेश. यांत दोन-तीन यंत्रें एकाच नांवानें चालतात आणि माणूस घरांत फिरूं लागला कीं मोबाइल बहुधा आपण होऊन जवळच्या यंत्राकडे वळतो. सोय उत्तम, किंमतही त्याप्रमाणें. मात्र यंत्रांचें आपसांतील बोलणें बिनतारी असेल तर दोन फुटी दगड त्यांनाही आडवा येतोच.

तिसरा मार्ग तारेचा, आणि जुन्या घरांस आम्ही तोच सुचवूं. राउटरापासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ जातीची केबल न्यावी; ती १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग निभावते, म्हणजे बहुतेक वाड्यांस पुरून उरते. तिच्या टोकास दुसरें यंत्र अॅक्सेस पॉइंट म्हणून जोडावें. ही सोय असलेला जुना राउटरही चालतो. दोन्ही ठिकाणीं नांव व परवलीचा शब्द एकच ठेवावा. बिनतारीच्या सुखासाठीं तार ओढावयाची, हें ऐकून कोणी हसेल. पण भिंतीस एकदां लहानसें भोंक पाडलें कीं रोजची कटकट मिटते.

खरेदी करावयाचीच तर दोन्ही लहरी देणारा, वायफाय ६ पिढीचा, गिगाबिट जोडण्यांचा साधा राउटर बहुतेक कुटुंबांस पुरतो. या पिढीचा मोठा गुण असा कीं एकाच वेळीं पंधरा-वीस उपकरणें चालूं असतां ती प्रत्येकास वांटा अधिक नीट देते. एकत्र कुटुंबास हाच गुण हवा. वायफाय ७ महाग आहे, आणि घरचे मोबाइल त्या पिढीचे नसतील तर त्याचा विशेष लाभ मिळत नाहीं. वांचलेले पैसे केबलींत आणि एका लहान यूपीएसमध्यें घालावे. पुष्कळशीं हीं यंत्रें १२ व्होल्टवर चालतात. यंत्रावरील व्होल्ट व अँपिअर पाहून यूपीएस घ्यावा, आणि फायबरचें यंत्र व राउटर निराळे असल्यास तो दोघांसही जोडावा, म्हणजे वीज गेली तरी परीक्षेचा अर्ज अर्धवट राहत नाहीं.

घरभर रेंज म्हणजे काय, हें शेवटीं एकदां ठरविलें पाहिजे. बैठकींतील सर्वांत चांगला आंकडा घराचा मानावा, कीं मागच्या खोलींतील सर्वांत वाईट? आम्ही दुसरा मानतों. दरमहाचें बिल सामाईक खर्चांतून जातें, तेव्हां ज्याची खोली सर्वांत मागें त्यास प्रथम विचारावें हें न्यायाचें होय. मोजणीचा कागद घेऊन खोल्यांतून फिरण्याचें काम घरांतील मुलींसुनांकडेच द्यावें; कोणत्या कोपऱ्यांत काम अडतें हें त्यांस तोंडपाठ असतें. सर्वांत वाईट आंकड्याभोंवतीं त्यांनीं एक वर्तुळ काढावें, आणि नव्या यंत्रावर रुपया खर्च होण्यापूर्वीं यजमानांनीं तो कागद जेवणाच्या वेळीं सर्वांपुढें ठेवावा.